आठ एप्रिलच्या आत

मित्रांनो, थेबर्टनच्या या वाचनालयात तुम्ही रोज माझ्यासमोरून पळत जाता आणि माझे थांबलेले काटे पाहून हसता. हसा, मला राग नाही. पण मी भिंतीवरचे साधे घड्याळ नाही. मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. माझ्या फटीत जाड कागदाचे कार्ड सरकवायचे आणि दांडा खाली दाबायचा, की टण्ण असा आवाज होऊन कार्डावर तारीख आणि वेळ उमटत असे. वेळेवर आलेल्याची निळ्या शाईत, उशिरा आलेल्याची लाल शाईत. मी कधी कुणाला शिक्षा केली नाही. तरीही माझ्या लाल शाईच्या धाकाने धापा टाकत येणारी माणसे मी तेहतीस वर्षे पाहिली.

माझी पेटी ओकच्या लाकडाची आहे, आतली चाके पितळेची. ज्या कारागिराने मला जुळवले तो कानाला खूप कमी ऐकत असे. माझी टिकटिक तो बोटाने तपासायचा. तिथून मी थेट ॲडलेड शहराच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या लाँड्रीत आलो. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे डोंगरासारख्या येत आणि दुपारपर्यंत घड्या होऊन परत जात. फाटकातून आत शिरल्यावरच्या बोळात मला टांगले होते. शेजारीच एक छोटी केबिन होती. तिच्यात हजेरी कारकून सिरिल प्रायर बसत असे.

सिरिल आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो. तो उंच, वाकलेला आणि कमी बोलणारा माणूस होता. दर सोमवारी सकाळी तो खिशातून माझी किल्ली काढायचा, मला चावी द्यायचा आणि रेडिओच्या ठोक्यांशी माझी वेळ मिळवायचा. एक चावी मला आठ दिवस पुरत असे. माझ्यात एक उणीव होती. माझे तारखेचे चाक प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा धरते. महिना लहान असला की कुणीतरी ते हाताने पुढे सरकवावे लागते. सिरिल ते कधीही विसरला नाही. त्याचे वर्षानुवर्षांचे काम पाहून साहेब लोक म्हणत, "सिरिलचं घड्याळ म्हणजे घड्याळ!" तेव्हा आम्हा दोघांनाही बरे वाटे.

१९७६च्या मार्च महिन्यात एका सोमवारी एक नवी बाई माझ्यासमोर उभी राहिली. तिचे नाव स्तामातिया ग्लारोस. ती ग्रीस देशातल्या इकारिया नावाच्या बेटावरून आलेली होती. तिने कार्ड उलटे घातले. मागून कुणीतरी हसले. तेव्हा तिच्या पाठीमागची ठेंगणी, लाल केसांची बाई पुढे झाली.

"अगं, तोंड वर कर त्याचं. हां, आता दाब. जोरात! हा चुगलखोर आहे, याला दाबल्याशिवाय कळत नाही."

ती नोरीन टक. पुढे कामगारांनी तिला युनियनची प्रतिनिधी म्हणून निवडले. मला ती कायम चुगलखोरच म्हणत आली. स्तामातिया आणि नोरीन चादरींच्या इस्त्रीच्या रुळावर समोरासमोर उभ्या राहू लागल्या. एकीने चादर सरकवायची, दुसरीने धरायची.

चार वर्षे गेली. १९८०च्या फेब्रुवारीत, आठ तारखेला, शुक्रवारी सकाळी बॉयलर फुटला. सुदैवाने कुणी मेले नाही, पण माझ्या बोळापर्यंत वाफ आली आणि माझी काच पांढरी झाली. त्याच दिवशी सगळ्या बायकांना आणि सिरिललाही कामावरून कमी केल्याची पत्रे मिळाली. नोरीन नदीकाठच्या मळ्यांत द्राक्षे तोडायला गेली. बाकीच्या जिथे काम मिळेल तिथे पांगल्या. लाँड्री पुन्हा सुरू झाली ती चौदा एप्रिलला. मॅनेजर व्हिटबींनी पगाराच्या वहीत सगळ्या बायकांच्या नावापुढे तीच तारीख लिहून टाकली.

पण एक बाई त्याआधीच परत आली होती. ओल्या चादरींना बुरशी धरू लागली होती म्हणून फोरमनने स्तामातियाला बोलावून घेतले होते. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, तीन एप्रिलला, ती बोळातून एकटीच आली आणि तिने माझ्यात कार्ड घातले. टण्ण. त्या आवाजाने ती स्वतःच दचकली, इतकी शांतता होती.

तेव्हा मला त्या ठशाचे काहीच महत्त्व वाटले नाही. मी असे ठसे लाखांनी मारले होते.

पुढच्याच वर्षी इकारियाला स्तामातियाचे वडील वारले. तिला जाता आले नाही. लाँड्रीत तिने कुणाला सांगितले नाही. शोकाचे काळे कपडे घालून आली, तेव्हा नोरीनला कळले; ते कपडे तिने पुढे सोडलेच नाहीत. मग १९८६च्या मार्चमध्ये एके दिवशी ती हातात निळे पत्र घेऊन माझ्यासमोर थांबली. जेवणाची सुट्टी होती.

"नोरीन, भावाचं पत्र आलंय," ती म्हणाली. "मेच्या शेवटी बाबांना वर काढणार आहेत."

"वर काढणार म्हणजे?"

"आमच्याकडे जागा कमी. पाच वर्षांनी थडगं उघडतात. हाडं दारूने धुतात, द्राक्षाच्या लाल दारूने, आणि पेटीत ठेवतात. ते काम घरच्या बायकांचं. आई आता उठू शकत नाही. मुलगी मी एकटी."

नोरीनच्या तोंडचा घास तसाच राहिला.

"मग जा की!"

"कशी जाऊ? वर्षाची रजा याच्या पाठीच्या ऑपरेशनात संपली." 'याच्या' म्हणजे नवऱ्याच्या. "बिनपगारी मागितली तर व्हिटबी म्हणाले, जा, पण परत येऊ नका. आणि जायचं म्हणजे चार दिवसांचं काम नाही गं. आईला भावाकडे हलवायचंय, घर बंद करायचंय."

नोरीनने सँडविच खाली ठेवले. स्तामातियाला ती स्टेम म्हणायची. "स्टेम, तू कधी लागलीस?"

"शहात्तरला. तुला माहीत आहे."

"म्हणजे दहा वर्षं. अगं बये, एका मालकाकडे दहा वर्षं काढली की तेरा आठवड्यांची दीर्घ सेवेची रजा मिळते. भरपगारी! ती कुणाच्या मेहेरबानीची नाही, कायद्यानं तुझी आहे. तू उभी राहून कमावलीस ती."

स्तामातियाने तिच्याकडे असे पाहिले, जणू कुणी तिच्याच पिशवीतून तिची हरवलेली वस्तू काढून दाखवली होती.

मित्रांनो, इथपर्यंत सगळे सोपे होते. दोनच दिवसांनी व्हिटबी स्वतः बोळात आले. ते दुष्ट नव्हते. जूनमधला हिवाळा तोंडावर होता, दवाखान्यांच्या चादरी वाढणार होत्या, आणि रुळावर उभे राहायला माणसे मिळत नव्हती. पण भीतीने माणूस किती कठोर होतो ते मी त्या दिवशी पाहिले.

"मिसेस ग्लारोस, तुमची दहा वर्षं झालेली नाहीत. सहा झालीत. ऐंशी साली तुम्हाला कामावरून कमी केलं होतं. चौदा एप्रिलला तुम्ही नव्याने लागलात. वहीत आहे."

"मी चौदाला नाही आले. आधी आले."

"वहीत चौदा आहे."

नोरीन मध्ये पडली. "साहेब, मालकानं स्वतः काढलं आणि दोन महिन्यांच्या आत परत घेतलं, तर सेवा तुटत नाही. मधले दिवस मोजत नाहीत, एवढंच. आठ फेब्रुवारीला काढलं, म्हणजे आठ एप्रिलपर्यंत मुदत."

"आणि चौदा तारीख आठच्या नंतर येते, नोरीन. तुमची स्वतःची सेवासुद्धा तुटली आहे."

"माझी तुटली, मला माहीत आहे," नोरीन म्हणाली. "सहा दिवसांनी तुटली. मी माझं मागायला आले नाही."

व्हिटबी निघून गेले. स्तामातिया केबिनच्या खिडकीशी गेली. "मिस्टर प्रायर, तुम्ही कार्डं टाकून देता का?"

सिरिलने नकारार्थी मान हलवली. तो काही टाकून देत नसे. मागच्या शेडमध्ये सफरचंदांच्या खोक्यांत सगळी वर्षे रचलेली होती. त्याने शेडची किल्ली दिली. दोघी बायका तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत तिथे धूळ उपसत राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांना एकोणऐंशी साल सापडले. दुसऱ्या दिवशी उंदरांनी कुरतडलेले खोके निघाले. मी बोळात टांगलेला, मला जाता येईना की सांगता येईना. तिसऱ्या दिवशी भोंगा व्हायला चार मिनिटे असताना नोरीन ओरडत आली. तिच्या हातात कार्ड होते. त्यावर माझा ठसा होता. तीन एप्रिल, सकाळी सात वाजून दोन मिनिटे.

नोरीनने सरकारी कामगार खात्याकडे अर्ज केला. एप्रिलच्या मध्यावर एक निरीक्षक बाई आल्या. कार्ड ज्या घड्याळावर छापले ते पाहायचे म्हणून चौकशी केबिनमध्येच झाली. दार उघडे होते. सिरिल आपल्या खुर्चीवर, व्हिटबी उभे, दोघी बायका भिंतीला टेकून.

निरीक्षक बाईंनी कार्ड उजेडात धरले. "तीन एप्रिल स्पष्ट दिसतंय."

"स्पष्ट दिसतंय, पण खरं कशावरून?" व्हिटबी म्हणाले. "इमारत दोन महिने बंद होती. हे घड्याळ एका चावीत आठ दिवस चालतं. म्हणजे ते फेब्रुवारीतच बंद पडलं असणार. मग फोरमनने अंदाजाने तारीख लावून सुरू केलं असेल. तो आज सांगायला हयात नाही."

मी थिजलो. तेहतीस वर्षांत मला कुणी खोटे म्हटले नव्हते.

"माझ्या लक्षात आहे," स्तामातिया म्हणाली. "तो आमचा मोठा गुरुवार होता, ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी आम्ही ईस्टरची अंडी लाल रंगवतो. मी पहाटे रंगवली आणि तशीच आले. बोटं लाल होती. बघा, कार्डावर डाग आहे."

खरोखरच कार्डाच्या कोपऱ्यावर पुसट लाल डाग होता.

व्हिटबी हसले, पण हसण्यात जीव नव्हता. "या घड्याळात लाल शाई असते, बाई. अशी डागाळलेली शंभर कार्डं दाखवतो."

निरीक्षक बाईंनी कार्ड खाली ठेवले. "डागावरून मला तारीख ठरवता येणार नाही. घड्याळ त्या काळात चालू होतं, हे कुणी सांगू शकतं का?"

मित्रांनो, ते मी सांगू शकत होतो. आणखी एक माणूस सांगू शकत होता. तो खाली मान घालून टेबलावरचा टाचण्यांचा डबा सरळ करत होता.

आता तुम्हाला ते सांगायला हवे. लाँड्री बंद असताना सिरिल दर सोमवारी येत होता. त्याची बायको आदल्याच वर्षी वारली होती. घरात बोलायला कुणी नव्हते. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे राहिली होती. तो गुपचूप आत यायचा, मला चावी द्यायचा, थोडा वेळ अंधाऱ्या केबिनमध्ये बसायचा आणि जायचा. कामावरून कमी झालेल्या माणसाला आत यायला सक्त मनाई होती. आणि आता, चौसष्टाव्या वर्षी, व्हिटबींनी त्याला शब्द दिला होता की हजेरीसाठी विजेचे नवे यंत्र आले तरी त्याला केबिनमध्ये राहू देऊ. ही केबिन गेली तर सिरिलकडे उरणार काय होते?

"कुणी नाही?" निरीक्षक बाईंनी पुन्हा विचारले. त्यांनी पेनाचे टोपण लावले.

स्तामातियाने सिरिलकडे पाहिले नाही. तिला काही माहीतच नव्हते. ती कार्डाकडे पाहत होती आणि तिचा अंगठा त्या लाल डागावर होता.

टोपणाचा आवाज झाला आणि सिरिल उठला.

"मी सांगतो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की व्हिटबी म्हणाले, "काय?"

"मी येत होतो, साहेब. बंद असताना. दर सोमवारी. माझी चूक आहे."

"तुम्ही आत येत होता? परवानगीशिवाय?"

"हो, साहेब."

"कशाला?"

सिरिलने टाचण्यांचा डबा पुन्हा सरळ केला. मग म्हणाला, "घरात फार शांत वाटायचं."

निरीक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्टर प्रायर, मला तुमच्यावर विश्वास ठेवायला आवडेल. पण सहा वर्षांपूर्वीचं नुसतं तोंडी मी कसं लिहू? शिवाय ऐंशीचा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता. हे चाक एकतीस मोजतं, असं मी ऐकलंय. एक मार्चला शनिवार होता. सोमवारी येणाऱ्या माणसाच्या हातून तारीख चुकली असेल, तर या घड्याळाची पुढची एकही तारीख मला धरता येणार नाही."

सिरिल बाहेर माझ्यासमोर आला, मागोमाग सगळे आले, आणि त्याने खिशातून किल्ली काढली. किल्ली दोनदा भोकाबाहेर घसरली. मग माझे पुढचे दार उघडले आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणी माझ्या पोटात पाहिले.

दाराच्या आतल्या बाजूला, कच्च्या लाकडावर, वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा लिहिलेल्या होत्या. लाँड्री बंद असताना दर वेळी चावी दिली की तो तिथे लिहायचा. निरीक्षक बाईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागल्या.

"अकरा फेब्रुवारी, चावी. अठरा फेब्रुवारी, चावी. पंचवीस." त्यांचे बोट थांबले. "एक मार्च. शनिवार. तारीख हाताने पुढे घेतली. वेळ बरोबर." त्या पुढे वाचत राहिल्या. "तीन मार्च... चोवीस... एकतीस मार्च, चावी. वेळ बरोबर." मग त्यांनी स्तामातियाकडे पाहिले. "त्यानंतर तीन दिवसांनी तुम्ही आलात."

स्तामातियाने काहीतरी ग्रीकमध्ये म्हटले आणि भिंतीला टेकून खाली बसली. नोरीन रडत होती आणि रडताना शिव्या देत होती. कुणाला, ते तिलाही सांगता आले नसते.

मधले आठ आठवडे वजा करून एप्रिलअखेर स्तामातियाची दहा वर्षे भरली. व्हिटबींनी सही केली. सही करताना ते एकच वाक्य बोलले, "रूळ कोण चालवणार?" नोरीन म्हणाली, "ती काळजी तुमच्या पगारात येते, साहेब."

निरीक्षक बाई जायला निघाल्या आणि दारात थबकल्या. "मिस्टर प्रायर, तुम्ही कधीपासून आहात इथे?"

"त्रेपन्नपासून."

"पण फेब्रुवारीत तुम्हालाही काढलं होतं ना?"

"मला सतरा मार्चला परत घेतलं, ऑफिसातलं काम आवरायला. पण फक्त घरून. जुनी कार्डं घरी पाठवायचे."

"म्हणजे तुमचीही सेवा तुटलेली नाही. आणि तुम्ही दीर्घ सेवेची रजा किती वेळा घेतलीत?"

सिरिल गोंधळला. त्याने नाही अशी मान हलवली.

"एकदाही नाही? अहो, तेहतीस वर्षांची रजा साठली आहे तुमची!"

"मी गेलो तर याला चावी कोण देणार?" सिरिल माझ्याकडे पाहून म्हणाला.

"मी देते," नोरीन म्हणाली. "घड्याळ आहे ते सिरिल, तान्हं बाळ नाही!"

सगळे हसले. सिरिलसुद्धा. मला मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे मला वाटत होते की हा माणूस माझी काळजी घेतो. त्या दिवशी मला समजले की माझी काळजी घेता घेता त्याने स्वतःकडे पाहायचेच टाळले होते, आणि मी दर सोमवारी त्याला निमित्त पुरवत होतो.

मे महिन्यात स्तामातिया गेली. ऑगस्टमध्ये परत आली तेव्हा तिने काळे कपडे सोडले होते. जेवणाच्या सुट्टीत तिने नोरीनला सांगितले, "कवटी सगळ्यात शेवटी धुतात. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण बाबांचं कपाळ इतकं लहान होतं गं. मी लहान असताना केवढं मोठं वाटायचं. ओंजळीत मावलं." नोरीनने तिच्या पाठीवर हात ठेवला. भोंगा झाला तरी दोघी उठल्या नाहीत. त्या दिवशी मी दोघींची वेळ लाल शाईत छापली, पण कुणी त्यांना काही बोलले नाही.

सिरिलही रजेवर गेला, पश्चिम किनाऱ्यावर बहिणीकडे. तो तिकडे असतानाच विजेचे नवे यंत्र आले आणि मला उतरवून शेडमध्ये ठेवले. उंदरांच्या वासात मी दोन वर्षे काढली. नोरीनने वाचनालयाच्या लोकांना भांडून भांडून पटवले, तेव्हा कुठे मी इथे आलो. मला टांगले त्या दिवशी सिरिल आला होता. उन्हाने रापलेला, हातात माशांची पिशवी. तो स्तामातियाशी पाऊण तास गप्पा मारत उभा होता, आणि एकदाही त्याने माझ्याकडे वळून किती वाजले ते पाहिले नाही. मी आयुष्यात इतका आनंदी कधीच झालो नव्हतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना तेल घाला, धूळ पुसा, एवढे मी मागेन. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरातून रोज सकाळी जे कुणी कामाला जाते, आई असो, आजोबा असोत, मावशी असो, त्यांना आज संध्याकाळी विचारा, "तुम्ही कधीपासून जाता? तुमची रजा किती साठली आहे?" बहुतेक जण हसून "बघू कधीतरी" म्हणतील. तेव्हा निघून जाऊ नका. तिथेच बसून राहा आणि पुन्हा विचारा.